माझ्या नावाची बंदी

माझा भाऊ अपोरोसा गेला त्याच दिवशी दुपारी किनीने समुद्रातल्या खडकांच्या खिंडीत काठी रोवली. वेळूची लांब काठी, टोकाला नारळाची हिरवी झावळी. म्हणजे आता शंभर रात्री त्या खिंडीत जाळं नाही, गळ नाही, भाला नाही. गावचा रातू, म्हणजे प्रमुख, गेला की समुद्रानेही सुतक पाळायचं, ही आमची रीत. शंभराव्या दिवशी काठी उपटायची, जाळी टाकायची आणि मिळेल ते सगळं मेलेल्याच्या नावाने गावजेवणात वाढायचं. जेवण जितकं मोठं तितका माणूस मोठा. आजूबाजूची गावं वर्षानुवर्षं हिशेब ठेवतात, कुणाच्या शंभराव्याला काय होतं आणि कुणाच्या शंभराव्याला काय नव्हतं.

मी अपोरोसाची धाकटी बहीण, उनाइसी. वय चौसष्ट, गुडघे ऐंशीचे आणि जीभ विशीतली. हे किनीचं म्हणणं, माझं नव्हे. किनी माझा मामेभाऊ. आमच्याकडे आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवली नाही, तर लोकांना वाटतं यांचं भांडण झालंय. त्या हिशेबाने माझं आणि किनीचं साठ वर्षांत एकदाही भांडण झालेलं नाही.

नव्वदाव्या दिवशी मी समुद्री द्राक्षं तोडायला गेले. ती हिरवी, मण्यामण्यांची शेवाळं हो, लिंबू पिळून खातात ती. काठीच्या अलीकडे, बंदीच्या बाहेर. किनी होडीत बसून वल्हं धरायच्या नावाखाली झोपा काढत होता. ओहोटी पूर्ण लागली होती, पाणी काचेसारखं. मी लेपानीचा, माझ्या मुलाचा, जुना चष्मा लावून पाण्यात डोकं घातलं आणि खिंडीच्या तोंडाकडे सहज नजर टाकली.

तिथे हेकरू मासे बसले होते.

एक नाही, दोन नाही. करड्या अंगाचे, तपकिरी ठिपक्यांचे, जाडजूड, हातभर लांब हेकरू, बाजारात बाया टोपल्या मांडून बसतात तसे ओळीने तळाला टेकून बसलेले. गाभोळीने पोटं टम्म. मी चाळीसपर्यंत मोजले आणि मग श्वास संपला.

डोकं वर काढलं आणि होडीवर थापा मारून किनीला उठवलं.

"काय गं, पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं का?" किनीने विचारलं.

"गप मेल्या. चष्मा लाव आणि खाली बघ."

तो कुरकुरत उतरला. पाण्याखाली जो गेला तो बराच वेळ वर येईना. आला तेव्हा त्याची थट्टा कुठल्या कुठे गेली होती.

"उना," तो म्हणाला, "हे परत आले गं."

"आले."

"एकतीस वर्षांनी."

होडीची कड धरून तशीच पाण्यात उभी राहिले. मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली, आणि भीतीला कारण होतं. शंभरावा दिवस पौर्णिमेच्या दोन दिवस आधी येत होता. हेकरू अंडी सोडतात ते पौर्णिमेला.

आता एकतीस वर्षांपूर्वीचं सांगायलाच हवं. ते मी कुणाला सांगत नसे, कारण त्यात माझंच नाक कापलं जातं.

आमचा बाप गेला तेव्हाही काठी रोवली होती. तेव्हाही शंभरावा दिवस हेकरूंच्याच महिन्यात आला. त्या काळी दर वर्षी शेकड्यांनी हेकरू खिंडीत जमायचे. त्यातले थोडे धरून आमच्या शाळेवर पत्रे चढले होते, होडीला इंजिन आलं होतं. पण बंदीमुळे त्या वर्षी एकालाही कुणी हात लावला नव्हता. आम्हाला वाटलं, देवानेच बापासाठी राखून ठेवलेत. दोन दिवस जाळी ओढली. सगळ्यात पुढे अपोरोसा आणि त्याच्या मागे मी. हाताची सालं निघाली पण सोडलं नाही. गाभोळी एवढी निघाली की डुकरंही तोंड फिरवायला लागली. तीन दिवस जेवणं चालली. 'असं जेवण झालं नाही आणि होणार नाही,' म्हणत लोक गेले. मी किती मिरवले! पुढच्या वर्षी खिंडीत डझनभर हेकरू आले. त्याच्या पुढच्या वर्षी दोन-चार. मग एकही नाही. आम्ही म्हटलं देव रागावला. पाद्रीबाबांनी प्रार्थना घेतल्या. देवाने तरी काय करायचं? त्याने पाठवलेले मासे आम्ही पोटातल्या पोरांसकट खाऊन बसलो होतो.

मासे गेले, मग पाठोपाठ पोरं गेली. कुणी राजधानीला, सुवाला, कुणी हॉटेलात ताटं उचलायला. माझा लेपानी न्यूझीलंडला सफरचंदं तोडतो. नातवंडं फोनवर दिसतात, त्यांना जाळं विणता येत नाही आणि आमची भाषा तोडकी येते. दारात एवढा समुद्र आणि आम्ही दुकानातून डब्यातला मासा आणतो. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण रोजचीच झाली की लाजही वाटेनाशी होते.

त्याच दिवशी दुपारी मी वाइसाकेकडे गेले. वाइसाके अपोरोसाचा मुलगा. सुवाला कचेरीत नोकरी करत होता, बापाच्या जागी बसायला परत आला. चौतीस वर्षांचा, चांगला मुलगा आहे, पण नवा रातू आणि नवी चप्पल दोन्ही सुरुवातीला चावतात. घरात चटईवर सगळे भाऊबंद बसले होते, मध्ये यांगोनाचं, मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, लाकडी भांडं. शंभराव्याचीच बोलणी चालली होती.

"आत्या, ये, बस. तीन गावांना आमंत्रणं गेलीत. पल्याडचे रातू कोलिनियो स्वतः येणार आहेत."

"खिंडीत हेकरू आलेत," मी म्हणाले.

सगळ्यांचे चेहरे असे फुलले की मला रडूच यायला लागलं. वाइसाकेने तर मांडीवर थाप मारली.

"बाबांच्या जेवणाला! बघा, बाबांनीच बोलावले!"

"हेच आम्ही तुझ्या आजोबांच्या वेळी बोललो होतो," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. जाळी, गाभोळी, डुकरं, माझं मिरवणं, सगळं. किनी खाली मान घालून बसला होता, कारण तिसऱ्या नंबरवर जाळं ओढत तोच होता. शेवटी मी म्हणाले, "काठी उपटू नका. चार महिने राहू द्या. एवढंच मागते."

वाइसाकेचा चेहरा उतरला. "आत्या, शंभराव्याला काठी निघालीच पाहिजे. नाही निघाली तर लोक म्हणतील सुतकच फिटलं नाही."

"मग उपटा आणि परत लावा."

"कुणासाठी? आपल्याकडे कुणी गेल्याशिवाय काठी लागत नाही. उद्या मी मनात येईल तेव्हा काठ्या रोवायला लागलो तर माझं कोण ऐकेल? अजून मी नीट रातू झालोही नाही." त्याचा आवाज चढला. "आणि वाढायचं काय? कोलिनियोंच्या पानात काय घालू? बाबांच्या शंभराव्याला मासा नव्हता, हे माझ्या नातवंडांना ऐकवतील ती माणसं!"

खरंच ऐकवतील. त्या गावाची जीभ मला माहीत आहे, माझं अर्धं सासर तिथलंच. आणि अपोरोसा माझा भाऊ होता. त्याने मला पोहायला शिकवलं, नवरा गेला तेव्हा माझ्या घराचं छप्पर स्वतः शाकारलं. त्याच्या शेवटच्या जेवणात कमी काढायला निघालेली मीच.

पण मग डोक्यात एकदम आलं, आणि आलं ते मी बोलूनही टाकलं. माझं हे असंच आहे.

"मग माझ्या नावाची लावा."

"काय?"

"मी रातूंची मुलगी, रातूंची बहीण. मी गेले की माझ्याही नावाने शंभर रात्री काठी लागणार ना? ती आत्ताच लावा. मला मेलेली धरा. खरी मरेन तेव्हा काठी नको, जेवण नको, चटया नकोत, काही नको. नुसती खड्ड्यात घाला."

कुणीतरी भांड्यात करवंटी टाकली त्याचा आवाज तेवढा आला. मग एकच गिल्ला झाला. असं अभद्र बोलतात का, हे कुठल्या रीतीत बसतं, बाईचं डोकं फिरलंय. वाइसाके उठला आणि बाहेर निघून गेला.

परतताना किनी माझ्याबरोबर चालत होता. म्हणाला, "उना, तू मेलीस तर मी चिडवू कुणाला?"

"मेलेल्यांनाही चिडवता येतं. ती उलट उत्तर देत नाहीत, तुला सोपं."

घरी येऊन मी पेटारा उघडला. त्यात माझ्या मयतासाठी विणलेल्या चटया होत्या, लोकरीच्या रंगीत किनारीच्या. वीस वर्षं विणत होते. आमच्यातल्या प्रत्येक बाईच्या घरी असतात, आपल्या शेवटच्या दिवशी कुणापुढे हात पसरायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी पहिल्या लाँचने शहरात गेले आणि सगळ्या विकल्या. एक चटई विकताना जीव अडकला, तिच्यावर लेपानी लहानपणी झोपायचा. तीही विकली. त्या पैशाचे मी मासे घेतले. डब्यातले. खोक्यांवर खोकी.

ती खोकी धक्क्यावर उतरवत होते तेव्हा वाइसाके आला. अंगावर पाणी निथळत होतं, कपाळावर चष्म्याचा वळ. त्याच्या मागे किनी, तोही भिजलेला, साळसूद तोंड करून.

"मी बघून आलो," वाइसाके म्हणाला. "आत्या, ते हलत पण नाहीत गं. मी एवढा जवळ गेलो तरी पळाले नाहीत. जाळं तरी कशाला हवं, हातानेच उचलावेत असे बसलेत."

"अंडी पोटात असली की नाही पळत."

तो खोक्यांकडे बघत राहिला. मग वाकून एक खोकं खांद्यावर घेतलं. "हे पुरतील का सगळ्यांना?"

मी त्याला तिथेच धक्क्यावर कवटाळलं. भिजले तर भिजले.

शंभरावा दिवस उजाडला. सकाळी सगळी माणसं किनाऱ्यावर जमली, वाइसाके होडीतून गेला आणि त्याने बापाच्या नावाची काठी उपटली. बायकांनी रीतीप्रमाणे हाका दिल्या. जाळी घेतलेली पोरं पाण्यात उतरायच्या तयारीत, आणि तेवढ्यात किनीने होडीतून दुसरी काठी काढली आणि त्याच जागी ठोकली. किनाऱ्यावर माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. कोण गेलं? कधी गेलं? माझ्या शेजारच्या बाईने तर मलाच विचारलं.

"मी," मी म्हणाले. ती दोन पावलं मागे सरकली.

जेवणाची पंगत बसली. भुईतल्या भट्टीतून डुक्कर निघालं, अळकुड्या निघाल्या, कसावा निघाला. आणि माशांच्या जागी मोठमोठ्या परातींत डब्यातले मासे, नारळाच्या रसात कांदा घालून. मी दिवसभर ते केले होते, पण डब्यातला मासा कितीही सजवला तरी डब्यातलाच. रातू कोलिनियोंच्या पुढे परात ठेवली तशा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पंच्याहत्तरीचे, पांढऱ्या केसांचे, ताठ कण्याचे. त्यांनी एक तुकडा बोटांनी उचलला आणि बघितला.

"अपोरोसाच्या शंभराव्याला?" ते म्हणाले.

वाइसाके उठायला लागला. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. हे माझं होतं.

"हो," मी म्हणाले. "माझ्या भावाच्या शंभराव्याला. रातूसाहेब, हसायचं तर मला हसा, पोराला नको. खिंडीत हेकरू आलेत. पोटुशे आहेत. बापाच्या जेवणाला आम्ही त्यांचा वंश खाल्ला, तुम्हीही होतात, तुम्ही दोनदा वाढून घेतलं होतं. भावाच्या जेवणाला नाही खाणार. भावाला मी काय कमी केलं ते माझं मला माहीत आहे, वर गेले की त्याची माफी मागेन." मग मी तशीच परातीसमोर उभी राहिले, मूर्खासारखी.

रातू कोलिनियोंनी तो तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"तीनदा घेतलं होतं मी," ते म्हणाले. "त्या वर्षानंतर आमच्या बाजूला हेकरूंची पिल्लं येणं थांबलं. आमची म्हातारी माणसं म्हणायची, तुमच्या खिंडीतून प्रवाह निघतो तो आमच्या उथळ पाण्यात येऊन थांबतो. तुमच्याकडची अंडी, आमच्याकडची पिल्लं. एकतीस वर्षं मी गप्प बसलो. पाहुणा म्हणून जेवलो होतो, तक्रार कोणत्या तोंडाने करणार?"

त्यांनी मागच्या माणसाकडे हात केला. त्याने पिशवीतून देवमाशाचा दात काढला, दोरीचा, जुना, पिवळा पडलेला. आमच्यात याहून मोठा मान नाही, आणि तो ते अपोरोसासाठी घेऊन आले होते. दोन्ही हातांवर धरून त्यांनी वाइसाकेपुढे केला.

"हा तुझ्या बापासाठी. आणि माझा शब्द काठीसाठी. आमच्या गावाची एकही होडी खिंडीच्या बाहेरच्या अंगाला थांबणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता ते परातीतलं इकडे सरकवा. कांदा जरा जास्त झालाय."

त्या दिवशी डब्यातले मासे पुरले नाहीत.

पुढचे शंभर दिवस मी मेलेली होते. सुरुवातीला लोक बिचकत, मग सवय झाली आणि मग माझा छळ सुरू झाला. चर्चमध्ये मला बाकावर जागा ठेवीनात, मेलेल्यांना कशाला जागा म्हणून. वर्गणी मागायला आले तर मी म्हणे, मयताकडून वर्गणी घेता का? किनी रोज सकाळी दारावर येऊन मोठ्याने विचारी, "बाई, वास यायला लागला का?" लेपानीला कुणीतरी फोनवर सांगितलं तर तो घाबरून रडायला लागला, त्याला समजावताना माझा अर्धा दिवस गेला. सगळं ऐकल्यावर त्याने नाक पुसलं. मग म्हणाला, "आई, खिंडीचा फोटो पाठव ना." आजवर त्याने गावातल्या कशाचा फोटो मागितला नव्हता.

पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी मी आणि किनी बघायला गेलो. हेकरूंची पोटं सपाट होती. दमलेले, कल्ले हलवत पडले होते. पुढच्या पौर्णिमेला आणखी आले. हात जोडून मी पाण्यातच उभी राहिले, तर किनी म्हणाला, "तू देवाच्या जवळची आता, माझ्यासाठीही सांग जरा."

ऑक्टोबरअखेर माझा शंभरावा आला. हेकरू केव्हाच खोल पाण्यात परत गेले होते. पण दोनशे दिवस बंद राहिलेल्या खिंडीच्या आतल्या पाण्यात बोयटं आणि पोपटमासे असे माजले होते की दोन खेपांत गावाला पुरून उरले. स्वतःच्या शंभराव्याला स्वतः जेवायला बसणारी मी गावातली पहिलीच. रातू कोलिनियो आले होते. पंगत बसल्यावर वाइसाके उभा राहिला. आता तो बोलायला लागला की माणसं गप्प होत.

"आत्याचं सुतक आज फिटलं," तो म्हणाला. "पण आत्याने एकदा मरून दाखवलं, तिला आता सवय झाली. म्हणून ठरवलंय. दर वर्षी हेकरूंच्या चार महिन्यांत आत्या मेलेली. काठी तिच्या नावाने लागेल."

लोक हसले, टाळ्या पडल्या. किनी हसला नाही. त्याने विचारलं, आणि थट्टेने नव्हे, "आणि ही खरंच गेली म्हणजे? हिने तर आपली काठी वापरून टाकली. तेव्हा काय?"

वाइसाकेने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे अगदी अपोरोसाचे आहेत.

"तेव्हा एकदाच लावायची," तो म्हणाला, "आणि परत काढायचीच नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. रातू कोलिनियोंनी मान खाली घातली. मी तोंडावर हात धरून ढसाढसा रडले, एवढी माझ्या खऱ्या सुतकांतही रडले नव्हते. किनी माझ्याजवळ येऊन बसला, परातीतलं सगळ्यात मोठं माशाचं डोकं उचललं आणि माझ्या पानात वाढलं.

"खा बाई सावकाश," तो म्हणाला. "आम्हाला घाई नाही."